गिअर आपोआप पडतो

४ जानेवारी, रविवार
डायरी आज मिळाली. बियाण्याच्या कंपनीची आहे. एजंटनं वाटायला चार दिवस उशीर केला, म्हणून पहिली पानं कोरी राहिली. माझ्याकडून रोज लिहिणं होणार, एवढं नक्की.

यंदाचा संकल्प एकच. बाबांचा एकही डायलिसिस चुकू द्यायचा नाही आणि त्यांना एसटीत बसू द्यायचं नाही. दर सोमवारी आणि गुरुवारी खामगाव. उंद्रीहून सकाळी सहाला निघायचं, साडेसातला मशीनवर, दुपारी परत. बाबांनी एकतीस वर्षं एसटी चालवली. क्लच दाबून दाबून डावा गुडघा गेला. म्हणून तर नोव्हेंबरात ही गाडी आणली. डबल केबिन पिकअप, सेकंडहँड, पण ऑटोमॅटिक. उंद्रीत अशी दुसरी नाही. क्लच नाही, गिअर आपोआप पडतो. बाबांनी फक्त मागं रेलून बसायचं. बाकीचे दिवस गाडी माझ्या मंडप-बिछायत केंद्राचा माल वाहते. दीपक पुण्याहून फोन करतो आणि काळजी करतो. काळजी फोनवर करता येते, नेणं-आणणं नाही. ते धाकट्यानं समजून घ्यावं.

५ जानेवारी, सोमवार
सहाला निघालो. डी, म्हणजे ड्राइव्ह, टाकलं की गाडी दोन-तीन सेकंद विचार करते, मग झटका देऊन निघते. थंडीचे दिवस आहेत, माणूससुद्धा लगेच उठत नाही.

घाट पूर्ण न्यूट्रलमध्ये उतरलो. थेंबभर डिझेल नाही. खाली पोचलो की साठच्या स्पीडला परत डी. हे मला बाबांनीच शिकवलं. मी सातवीत होतो, त्यांच्या गाडीत बॉनेटवर बसून जायचो, उतार आला की ते गिअर काढायचे आणि माझ्याकडे पाहून डोळा मारायचे. डिझेल बचतीचा सत्कार झाला होता त्यांचा, नारळ आणि शाल. आज घाटात मी त्यांच्याकडे पाहिलं. ते खिडकीतून बाहेर पाहून राह्यले होते.

८ जानेवारी, गुरुवार
परत येताना घाट चढायचा असतो. इंजिन बोंबलत होतं, काटा साडेतीन हजारावर, आणि गाडी तिसाच्या पुढे जाईना. बाबा डायलिसिसनंतर एकदम गळून जातात, तरी डॅशबोर्डवर हात ठेवून बसले. थोड्या वेळानं म्हणाले, गजू, क्लच सरकून राह्यली.

मला हसू आलं. मी समजावून सांगितलं की बाबा, ऑटोमॅटिकमध्ये क्लच नसतो, म्हणून तर आणली. ते बरं म्हणाले. हात मात्र काढला नाही डॅशबोर्डवरून. जुन्या माणसांना नव्या गोष्टी पटायला वेळ लागतो, मी काही मनावर घेत नाही.

१० जानेवारी, शनिवार
अमडापूरला लग्न. मंडपाचे पाईप, चाळीस गाद्या, दोन जनरेटर, सगळं एका खेपेत नेलं. लोक दोन खेपा करतात. वाटेत कढई जळल्यासारखा वास येत होता. आजूबाजूला कोणी तरी कचरा पेटवला असावा. अमडापूरपर्यंत कोणी ना कोणी पेटवतच होतं.

११ जानेवारी, रविवार
कोकिळेनं अंगणात बोलावलं. गाडीखाली लाल डाग. मी सांगितलं, एसीचं पाणी आहे. ती म्हणाली, जानेवारीत एसी कोण लावते? बायकोनं गाडीत लक्ष घातलं की असे प्रश्न येतात. तिनं खोक्याचा पुठ्ठा फाडून खाली सरकवला. संध्याकाळी तो पुठ्ठा माझ्यासमोर आणून धरला. तळहाताएवढा लाल डाग, आणि बोटाला चिकट. पाण्याले चिकटपणा नसते, एवढंच म्हणाली आणि भाकरी टाकायला गेली.

नवा पुठ्ठा मी स्वतः टाकला. लक्ष ठेवायचं ठरवलं आहे.

१२ जानेवारी, सोमवार
आज घाट चढताना समोर पिवळा दिवा लागला. त्यात एटी लिहिलेलं आहे. एटी म्हणजे ऑटोमॅटिक. ऑटोमॅटिक चालू आहे हे गाडी आपल्याला कळवते, एवढाच त्याचा अर्थ. इतके दिवस का कळवलं नाही हा प्रश्न मला पडला, पण नव्या गाड्यांचं असंच असतं.

बाबांनी विचारलं, दिवा कायचा? मी माहिती दिली. ते म्हणाले, एसटीत पिवळा दिवा लागला की आम्ही गाडी कडेले घेत होतो. मला थोडा राग आला. मी गाडी कडेला घेतली असती तर पोचायला तीन वाजले असते, आणि उपाशी कोण राहिलं असतं? तेच.

घरी आल्यावर त्या दिव्यावर चिकटपट्टी लावली. बाबांच्या हाताच्या सुईवर लावतात ती, रोल घरात असतोच. नीट बसली. आता चालवताना लक्ष विचलित होणार नाही.

१४ जानेवारी, बुधवार
संक्रांत. बाबांना तिळगूळ चालत नाही, पोटॅशियम. कोकिळेनं त्यांच्या हातावर चार तीळ ठेवले, मोजून. त्यांनी ते एकेक करून खाल्ले.

सकाळभर मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. गिअरबॉक्सचं तेल कसं तपासायचं ते सगळे सांगतात, पण आपल्या गाडीला त्याची डिपस्टिकच नाही. मी तासभर शोधली. मग लक्षात आलं. कंपनीला एवढी खात्री आहे की तपासायची सोयच ठेवली नाही.

तरी कोकिळेच्या समाधानासाठी फाट्यावर सईदभाईच्या गॅरेजला नेली. सईदभाई पंचवीस वर्षांपासून या भागातले ट्रॅक्टर आणि जिपा दुरुस्त करतो. माणूस चांगला, पण तोंडावर बोलतो. त्यानं गाडी बायपासपर्यंत नेऊन आणली, मग खाली शिरला, बोटावर तेल घेतलं, नाकाला लावलं आणि बोट माझ्या नाकापुढे धरलं. जळेल आहे, म्हणे. लाल पाहिजे, काळं झालं. मी म्हटलं, लाल तर खाली पडतेच आहे. तो म्हणाला, चांगलं ते पडून राह्यलं गजूभाऊ, जळेल ते आत राह्यलं.

मग त्यानं सांगितलं की आत क्लचच्या प्लेटा असतात. एक नाही, गठ्ठाच. त्या तेलाच्या दाबावर चालतात. तेल कमी झालं की सरकतात, सरकल्या की जळतात. घाटात न्यूट्रल मारून खाली धावत्या गाडीत डी टाकता का, असं विचारलं. मी कधी कधी म्हटलं. तो म्हणाला, ते तर त्या प्लेटांवर रंधा मारणं झालं. गाडी घाटात नेऊ नका, माल भरू नका, कंपनीचं तेल मी अकोल्याहून मागवतो, चेंबर खोलतो, आतल्या चुंबकावर लोखंडाचा किती चुरा निघते ते पाहू. गिअरबॉक्स कदाचित संभाजीनगरला खोलावा लागेल. तोवर बाबूजीले सकाळच्या खामगाव गाडीनं न्या, नाही तर मी माझ्या व्हॅनमध्ये नेऊन सोडतो.

सगळं ऐकून घेतलं. व्हॅन! ज्या मी अख्ख्या गावासमोर सांगितलं की माझा बाप आता एसटीत बसणार नाही, तो मी, बापाला दुसऱ्याच्या व्हॅनमध्ये पाठवू? शिवाय सईदभाई ट्रॅक्टरचा माणूस. ऑटोमॅटिक त्यानं किती पाहिल्या? मी विचारलंही. तो म्हणाला, ही तिसरी. बघा.

१५ जानेवारी, गुरुवार
आज नेऊन आणलं. घाट न्यूट्रलमध्ये उतरलो नाही. मी कोणाचं ऐकत नाही असं कोणी म्हणू नये.

वाटेत बाबांनी सईदभाई काय म्हणाला ते विचारलं. मी वरवर सांगितलं, पण न्यूट्रलचं तोंडातून गेलं. त्यांनी गिअरच्या दांड्याकडे पाहिलं. मग म्हणाले, म्हणजे ते माह्याच्यानं झालं, मीच तुले शिकवलं. मी काही म्हटलं नाही. गाडी चालवताना बोलू नये. खरं सांगायचं तर मला थोडं हलकं वाटलं. दोष कोणाचा तरी असतोच, आणि हे ते स्वतःच म्हणाले, मी म्हटलं नाही.

१८ जानेवारी, रविवार
आजचा दिवस लिहून ठेवण्यासारखा. प्रश्न मी स्वतः सोडवला.

व्हिडिओतला माणूस सांगत होता की ऑटोमॅटिक गिअरबॉक्स हायड्रोलिकवर चालतो. कोठ्यात ट्रॅक्टरच्या हायड्रोलिकचं तेल अर्धा कॅन पडलेलं. हायड्रोलिक ते हायड्रोलिक. आपला ट्रॅक्टर त्याच तेलावर दहा वर्षं नांगर उचलतो, आणि इथे काय, एक बाबा आणि एक मी. गाडीखाली झोपून भरायचा बोल्ट शोधला, नळी लावली, फवारणीच्या पंपानं तेल आत चढवलं. दोन लिटर बसलं. म्हणजे दोन लिटर कमी होतं. एवढंच दुखणं होतं आणि तो संभाजीनगरला निघाला होता.

मग बायपासपर्यंत चक्कर मारली. लोण्यासारखी! झटका नाही, वास नाही. परत येताना मुद्दाम गॅरेजवरून आणली आणि हॉर्न दिला. सईदभाई एका जिपेखाली होता, फक्त पाय दिसले.

कोकिळेला सांगितलं. तिनं विचारलं, सईदभाईले विचारून टाकलं का? तिला आनंद होत नाही कशाचाच.

१९ जानेवारी, सोमवार
जाताना उत्तम. येताना घाटाच्या पायथ्याशी गाडी थरथरायला लागली. रस्ता खराब आहे. मग गाडी तिसऱ्या गिअरमध्येच राहिली, वर जाईना, खाली येईना. याला गाडी स्वतःचं संरक्षण करते असं म्हणतात, मी व्हिडिओत पाहिलं आहे. चांगलीच गोष्ट. घाट पंधराच्या स्पीडनं चढलो. मागं एक ट्रक हॉर्न मारत होता, मूर्ख.

बाबांना थरथरीनं उलटी झाली. पिशवी होती म्हणून बरं. घरी यायला साडेतीन वाजले. ते न जेवता झोपले. कोकिळेनं सीट पुसली.

२२ जानेवारी, गुरुवार
रिव्हर्स गेला. आर टाकलं की इंजिन ओरडतं, गाडी ढिम्म. मी यावर उपाय काढला: गाडी नेहमी तोंड रस्त्याकडे करून उभी करायची. दवाखान्यात पार्किंगवाल्यानं आत घालायला लावली, मग परतीला चार जणांनी ढकलली. बाबाही उतरत होते ढकलायला. मी ओरडलो त्यांच्यावर. आता मशीनवरून उठलेला माणूस, हाताला पट्टी, आणि गाडी ढकलायला निघाला! डोळ्यांत पाणी आलं माझ्या. धूळ होती खूप.

आजही नेलं आणि आणलं. डायलिसिस एकही चुकला नाही, हे लिहून ठेवतो.

संध्याकाळी दीपकचा फोन. खामगावचा एक गाडीवाला त्यानं ठरवला आहे, दर सोमवारी आणि गुरुवारी दारात येईल, नेईल, आणील, दादा तू फक्त हो म्हण. मी विचारलं, तुला कोणी सांगितलं गाडीचं? तो चाचरला. म्हणजे कोकिळेनंच. मी त्याला स्पष्ट सांगितलं की बाबांना भाड्याच्या गाडीत पाठवायला मी अजून मेलो नाही. तो म्हणाला, दादा, गोष्ट बाबांची आहे, तुझी नाही. मी फोन ठेवला. पुण्यात राहून माणूस किती उद्धट होतो.

२४ जानेवारी, शनिवार
दवाखान्यातून फोन. सव्वीस जानेवारीला युनिट बंद, सोमवारच्या पाळीला मंगळवारी या.

मंगळवारी कसं जमणार? सव्वीसला शाळेच्या झेंडावंदनाचा मंडप आपला, सत्तावीसला तो काढून त्याच दिवशी मेहकरकडची ऑर्डर. गाडी मोकळी नाही. आणि मंगळवार काय, गुरुवार काय, दोनच दिवसांचा फरक. बाबांना विचारलं. ते म्हणाले, तू म्हणशील तसं. म्हणजे त्यांची हरकत नाही. पाणी कमी प्या म्हणून सांगितलं.

२७ जानेवारी, मंगळवार
माल पोचवला. वाटेत तीनदा थांबून गाडी थंड केली. आता मला तिची सवय कळली आहे. वीस मिनिटं बॉनेट उघडं ठेवलं की अर्धा तास चालते. हे कोणत्याच व्हिडिओत नाही, हे अनुभवानं येतं.

बाबांचे पाय सुजलेत. कोकिळा म्हणाली, बोट दाबलं तर खड्डा पडून राह्यला. उद्या बसनं घेऊन जाते मामाजीले, पाळी नसली तरी घेतात ते. मी म्हटलं, परवा आहेच ना. तिनं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, तुमची गाडी मोठी का बाप मोठा? याला उत्तर द्यायची गरज नाही. गाडी बापासाठीच तर आणली.

२९ जानेवारी, गुरुवार, संध्याकाळी सहा
जे झालं ते क्रमानं लिहितो, म्हणजे मला नीट दिसेल.

पावणेसहाला निघालो, म्हणजे रोजच्यापेक्षा लवकर. बाबांना दम लागत होता, उशीला टेकून बसवलं. घाटाच्या दोन किलोमीटर अलीकडे इंजिन एकदम ओरडलं आणि गाडी हळू होत होत उभी राहिली. डी टाकलं, काही नाही. एन, परत डी, काही नाही. उतरून बॉनेट उघडलं. वीस मिनिटं. माझा हिशेब बरोबर होता.

दहा मिनिटांनी खामगाव बस आली. मी हात केला नव्हता. ड्रायव्हरनंच थांबवली. बाबांना ओळखलं त्यानं, नवीन असताना बाबांच्या हाताखाली शिकलेला. खाली उतरून आला, म्हणे उस्ताद, चला, माह्या बाजूच्या सीटवर बसा, दवाखान्याच्या दारात सोडतो, रूट वाकडा झाला तरी चालते.

बाबांनी दार उघडलं होतं. एक पाय खाली ठेवला होता.

मी म्हटलं, बाबा, बसा, दहा मिनिटांत होतेच. ड्रायव्हरला म्हटलं, तुम्ही निघा, गाडी फक्त तापली आहे. तो बाबांकडे पाहत राहिला. बसमधले लोक खिडक्यांतून पाहत होते, दोघं तर उंद्रीचेच होते. बाबांनी पाय आत घेतला आणि दार लावून घेतलं. बस गेली.

त्यांनी माझं ऐकलं. घरात तेच एक माझं ऐकतात.

वीस मिनिटं झाली, चाळीस झाली. गाडी निघाली नाही. मग गावातलाच एक ट्रॅक्टर आला, पण तो उंद्रीकडे चालला होता. गाडी रस्त्यात टाकून कसं जाणार? चाकं चोरतात. दोर बांधला, एन टाकलं, ओढत ओढत घरी. बाबा आत बसलेले. तेरा किलोमीटर. आपल्याकडे कोणतीही गाडी बंद पडली की अशीच आणतात, यात मी काही वेगळं केलं नाही. दवाखान्यात फोन केला, ते म्हणाले उद्या अकराला या, उशीर करू नका.

सईदभाई संध्याकाळी अंगणात आला. कोकिळेनं बोलावलं असणार. गाडीकडे पाहिलं, दोराकडे पाहिलं. ऑटोमॅटिक चाकांवर ओढत नाही भाऊ, म्हणे, इंजिन बंद असलं की तेल फिरत नाही, आतलं सगळं कोरडं घासते. जे होतं तेही गेलं. कॅनही पाहिला त्यानं, कोठ्याच्या दाराशी. ट्रॅक्टरचं? असं विचारलं. मी म्हटलं, हायड्रोलिकचं. तो आत जाऊन बाबांजवळ बसला. निघताना म्हणाला, सकाळची वाट पाहू नका, आत्ता चला, व्हॅन फाट्यावर आहे. मी म्हटलं, अकराची वेळ दिली आहे त्यांनी.

वेळ दिली आहे म्हणजे काही काळजीचं नसणार. डॉक्टर लोकांना कळतं.

३० जानेवारी, शुक्रवार
बाबा आडवे होऊ शकले नाहीत. बसूनच होते. पहाटे बोलायला गेले तर एका वाक्याला तीनदा थांबले.

मी अंगणात जाऊन गाडी चालू केली. रात्रभर थंड झाली होती, माझ्या अनुभवानं अर्धा तास तरी चालायला हवी होती. डी. आर. डी. एन, डी. कधी कधी अशी गाडी अचानक पकडते. पंधरा मिनिटं झाली असतील. कोकिळा म्हणते पंचवीस. मान वर केली तर सईदभाईची व्हॅन दारात होती आणि तो आणि कोकिळा बाबांना खुर्चीसकट उचलून आणत होते. मी खाली उतरेपर्यंत आत ठेवलंही. बाबांचे ओठ निळे दिसत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं पाहिलं.

मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, मी मागून येतो. कशानं येतो ते तेव्हा सुचलं नाही. गाडीचं इंजिन चालूच होतं.

खामगाव बसनं गेलो. उभ्यानं. ड्रायव्हर कालचाच होता. त्यानं आरशात पाहिलं.

३१ जानेवारी, शनिवार
आयसीयू. फुफ्फुसात पाणी, पोटॅशियम फार वाढलेलं, हृदयाचे ठोके बिघडलेले. तोंडात नळी आहे. काचेतून दिसतात.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, शेवटचा डायलिसिस कधी झाला? मी सांगायला लागलो की सव्वीस जानेवारीची सुट्टी आली. कोकिळेनं मध्येच सांगितलं, बावीस तारखेले. बाईंनी लिहून घेतलं. मंगळवारची पाळी दिली होती ना, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हो, गाडीचा थोडा प्रॉब्लेम होता. त्या म्हणाल्या, एसटी बंद होती का? मी नाही म्हटलं.

दीपक दुपारी आला. माझ्याजवळ बसला नाही.

१ फेब्रुवारी, रविवार
सुधारणा आहे असं मला वाटतं. हात गरम लागला.

बरे झाले की दीपकचा गाडीवाला लावायचा. किंवा बस. मी सोबत जाईन, पुढची सीट मिळते म्हातारपणाची. हे मी त्यांना सांगितलं, कानाजवळ जाऊन. नळीमुळे त्यांना बोलता येत नाही.

२ फेब्रुवारी, सोमवार
बाबा गेले. सकाळी दहा चाळीसला.

त्यांना घरी सईदभाईनं आणलं. व्हॅनमध्ये मी मागं बसलो होतो, बाबांचं डोकं मांडीवर. घाट आला. सईदभाई पूर्ण घाट दुसऱ्या गिअरमध्ये चढला, अगदी हळू, एकही झटका न देता.

७ फेब्रुवारी, शनिवार
काही नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार
दिवसभर माणसं येतात. उंद्रीची, चिखलीची, डेपोतले जुने लोक. एकेक जण टेकतो, टोपी काढतो आणि विचारतो, कशानं गेले हो? मी म्हणतो, किडनी. हे खरंच आहे, डॉक्टरीणबाईंनी कागदावर तेच लिहिलं आहे. डायलिसिसला वर्ष झालं होतं, वय एकोणऐंशी, मग ते लोक मान हलवतात आणि म्हणतात, तुम्ही तर लय केलं हो बापाचं, घरची गाडी होती म्हणून, नाही तर कोण नेते इतकं. मी मान खाली घालतो. कोकिळा तिथंच चहाचा ट्रे घेऊन उभी असते. माझं बोलणं संपेपर्यंत थांबते, मग कप ठेवते.

आज मी हे किती वेळा म्हटलं ते आठवत नाही. पंधरा, वीस.

दुपारी सईदभाई आला. हात धुऊन आला होता, नखांत तरी काळं होतंच. माझ्या शेजारी जमिनीवर बसला. मी तयार होतो, वाक्य तोंडात होतं. त्यानं चहा घेतला, कप पालथा घातला, माझ्या गुडघ्यावर हात ठेवून बराच वेळ बसला. मग येतो म्हणाला आणि उठला.

त्यानं विचारलं नाही.